गोगलगायीचा ब्रेक

तिच्या पिकअपच्या मागे अडकलेल्या माणसाने हॉर्न वाजवून हात दुखवून घ्यावा आणि तिने आरशात बघून त्याला प्रेमाने हात हलवावा, असं कित्येक वर्षं चाललं होतं. शहरातले सगळे ड्रायव्हर तिला गोगलगाय म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत. तिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे. मागे हौद्यात झाडं असायची, आणि झाडांना कुठेही वेळेवर पोचायचं नसतं, हे त्या हॉर्नवाल्यांना कोण समजावणार?

नर्सरीतून रोपं, कुंड्या, कधी माणसापेक्षा उंच झाडं उचलायची आणि लोकांच्या घरी, दुकानांत, दवाखान्यांत नेऊन पोचवायची, हा तिचा धंदा. गाडी तिची स्वतःची. कधीकाळी पांढरी होती म्हणतात. आता तिचा रंग कोणता हे सांगायला जरा विचार करावा लागे. पहाटेच्या धुक्यात ती नर्सरीच्या फाटकातून बाहेर पडली की आरशात रस्ता असा दिसतच नसे, नुसती पानं दिसत. रबराच्या झाडाची जाड पानं, फर्नची झिरमिळी, गुलाबाचं एखादं नुकतं उमललेलं फूल. आपण गाडी चालवत नाही, एक बाग फिरायला निघाली आहे आणि तिला सोबत म्हणून आपण चाललोय, असं तिला वाटे. सिग्नल हिरवा झाला तरी तिला क्षणभर वाटायचं की आपल्या झाडांचाच रंग तिथे वर काचेत पडलाय. मग मागून हॉर्न वाजे आणि बाग पुढे सरके.

साठीला टेकलेली बाई, अंगाने काटकुळी, केस कायम रबरबँडमध्ये कसेतरी कोंबलेले. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलंच तर म्हणायची, मुहूर्ताला पोचायला उशीर झाला. पण ब्रेक कसा लावावा हे तिच्याकडून शिकावं. पाय दाबायचाच नाही. नुसता टेकवायचा, मग त्याचं वजन थोडं थोडं सोडत न्यायचं, आणि गाडी कधी थांबली हे हौद्यातल्या मातीलाही कळता कामा नये. तिच्या कुंडीतून कधी चमचाभर माती सांडली नव्हती. नर्सरीचा मालक तर नव्या ड्रायव्हरांना सांगायचा, तिच्याकडे बघा, निजलेलं मूल घेऊन चालल्यासारखी गाडी चालवते.

आणि त्याच पायाने दगा दिला. निदान तिला तरी तसंच वाटलं.

पहिल्यांदा झालं ते एका दवाखान्याच्या दारात. गाडी जवळजवळ थांबलीच होती. शेजारून चालणारा माणूस पुढे निघून जाईल इतकाच काय तो वेग उरला होता. तेवढ्यात पायाखाली काहीतरी थरथरलं, बॉनेटखालून कुठूनशी बारीक गुरगुर ऐकू आली आणि गाडी हातभर पुढे सरकली. जणू कोणी तिचा पाय हळूच उचलून बाजूला ठेवला. मग आपोआप थांबली. तिला वाटलं, डुलकी लागली. पण डुलकी लागलेल्या माणसाला समोरच्या भिंतीवर चढणारी मुंगी दिसत नाही, आणि तिला ती दिसत होती.

मग चार-आठ दिवस काही नाही. मग एकाच सकाळी तीनदा. समोर कसलाही दिवा लागत नव्हता, आवाज असा काही राहत नव्हता. जोरात जाताना ब्रेक एकदम छान. फक्त अगदी शेवटी, थांबता थांबता, पाय सुटायचा.

तिचा भाऊ ब्रेकवाला. त्याच्या गॅरेजवर पाटीसुद्धा तेवढीच होती: ब्रेक. गाडीचं सगळं करणारे ढीगभर पडलेत, मी फक्त थांबवायचं बघतो, असं तो ऐटीत सांगायचा. पन्नाशीचा, ढेरपोट्या, तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. ती त्याला अजून छोट्या म्हणायची, आणि हे ऐकून नवीन गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं की छोट्या कुठे आहे. राग नाकावर, पण हाताला गुण असा की लांबलांबून लोक गाड्या घेऊन येत.

त्याची कामाची एक रीत होती, आणि ती त्याने कधी मोडली नव्हती. गाडी आली की मालकाला उतरवायचं, स्वतः बसायचं, गॅरेजमागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवायची आणि आपला मुसळासारखा पाय घालून ब्रेक दाबायचा. गाडी जागच्या जागी रुतली पाहिजे. काम झाल्यावर पुन्हा तेच. मालकाला बरोबर न्यायचं नाही, त्याला स्टीअरिंगला हात लावू द्यायचा नाही. लोकांना गाडी चालवता येत नाही आणि वर्णन तर त्याहून करता येत नाही, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

ताईची गाडीही त्याने अशीच तपासली. पळवली, दाबला, रुतली. तरी बहिणीचा शब्द म्हणून पॅड बदलले. पुन्हा आली तेव्हा सगळं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, नळ्यांतली हवा काढली. तिसऱ्यांदा आली तेव्हा डिस्क उतरवून घासून आणल्या, आणि स्कॅनर लावून बघितला. स्कॅनर म्हणजे हातात मावेल एवढी एक पाटी. स्टीअरिंगखाली तिची वायर जोडली की गाडीच्या पोटात काय दुखतंय ते ती लिहून दाखवते. पाटीवर काही आलं नाही. गाडी ठणठणीत. चौथ्यांदा ती आली तेव्हा त्याने हात टेकले.

"ताई, गाडीत काही नाही," तो म्हणाला. "तुझा पाय हलका झालाय. वय झालं, दुसरं काय."

तो हे हसत बोलला. तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलला. मनात वाईट काही नव्हतं, आणि असतं तर तिला इतकं लागलं नसतं. ती हं म्हणाली आणि घरी निघून आली.

आता जे सांगायचंय ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, भावाला तर मुळीच नाही. तिच्या मनात येत होतं, आईचंही असंच सुरू झालं होतं. पायातली चप्पल वाटेत सुटून पडायची आणि आईला ते घरी आल्यावर, खाली बघितलं की मगच कळायचं. पुढे पुढे पाऊल पायरीवर पडलं की हवेत, हेही बघितल्याशिवाय समजेना. डॉक्टर म्हणाले, पायातल्या नसा वाळत चालल्यात, उपाय नाही. असं कधी कधी घराण्यात चालत येतं, मुलांनी लक्ष ठेवावं. मग कितीतरी वर्षं आई खिडकीतल्या खुर्चीत होती. भाऊ रोज संध्याकाळी यायचा, आईला हसवून हसवून बेजार करायचा आणि जायचा. तो आला की घर उजळायचं, यात शंका नाही. पण आईचे पाय धुवायचं काम हिचं. ती तांब्याने पाणी ओतत असायची आणि आई भिंतीकडे बघत शांतपणे विचारायची, झालं का गं धुऊन? पाणी अजून पायांवरून वाहत असायचं. आई गेली त्यालाही आता बराच काळ लोटला, पण तो प्रश्न तिच्या कानातून गेला नव्हता.

तेव्हापासून, म्हणजे छोट्याने तिचा पाय हलका ठरवला तेव्हापासून, तिच्या सकाळी विचित्र होऊ लागल्या. न्हाणीघराच्या फरशीवर ती डोळे मिटून पाय टेकवायची. गार लागली का? लागली. पण खरंच लागली, की फरशी गार असते हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून? नर्सरीत चपला काढून खडीवरून चालून बघायची. माळी विचारायचे, ताई, नवस केलाय का? एकदा तर तिने गुलाबाचा काटा अंगठ्यात टोचून घेतला. रक्त आलं, चांगली कळ आली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि त्याच दुपारी एका बंगल्याच्या दारात पायाखाली पुन्हा ते थरथरलं आणि गाडी हातभर सरकली.

डॉक्टरकडे का गेली नाही, असं तुम्ही म्हणाल. बोलायला सोपं आहे. आईला हाताला धरून ती त्या जिन्यावरून इतक्या वेळा चढली-उतरली होती की आता त्या इमारतीवरून जायचं असलं तर ती गाडी वळसा घालून न्यायची. तिथे गेलं नाही तोवर ते नुसतं गाडी सरकणं होतं. गेलं की त्याला नाव मिळालं असतं.

मग हळूहळू तो पाय तिला आपला वाटेनासा झाला. गाडी चालवताना वाटायचं, गुडघ्याखाली सगळं पाण्यात आहे, खोल, हिरव्या पाण्यात, आणि तिथे खाली कोणीतरी दुसरंच ब्रेक सांभाळतंय. झाडं आरशात डुलत राहायची. रस्ता समोरून मऊ कापडासारखा उलगडत यायचा. तिला तो रस्ता फार आवडायचा आणि तो आता संपणार असं वाटायचं.

शेवटचा धक्का एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दिला, बिचाऱ्यांचा काही दोष नसताना. ते काठी टेकत रस्ता ओलांडत होते. तिने नेहमीप्रमाणे लांबूनच पाय टेकवला, गाडी अलगद मंदावली, आणि शेवटी ते थरथरणं. गाडीचा बंपर जाऊन त्यांच्या हातातल्या पिशवीला टेकला. नुसता टेकला. गृहस्थ वळले, काचेतून तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, बाई, घाईत दिसता. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी घाईत आहेस म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी तिने भावाला सांगितलं, गाडीला गिऱ्हाईक बघ.

त्याने आकांडतांडव केलं. इंजिन कसं आहे बघ, असं इंजिन आता बनत नाही, घरी बसून करणार काय, भिंती मोजणार? कारण विचारलं तर म्हणाली, कंटाळा आला. हे खोटं आहे हे त्याला कळलं, पण खरं काय ते कळलं नाही. चिडून का होईना, त्याने गिऱ्हाईक आणलं. त्याच्या गॅरेजशेजारचा दूधवाला. तुम्ही ब्रेक ठीक म्हणालात तर ठीकच, एवढंच तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली न्यायला येतो असं ठरलं.

शेवटच्या दिवशी एकच फेरा होता, वाचनालयासाठी फर्नच्या कुंड्या. दुपारी छोट्या स्कॅनर आणि हत्यारांची पिशवी घेऊन नर्सरीत आला. दूधवाल्याला शब्द दिलाय, एकदा बघून घेतो म्हणाला. नेहमीप्रमाणे तिला उतरवलं, फाटकाबाहेरच्या रस्त्यावर गाडी पळवली, पाय घातला, गाडी रुतली. पाटीवर काही नाही. कुंड्या चढवून झाल्या तशी ती स्टीअरिंगवर बसली. तो वायर काढायला वाकला आणि तसाच थांबला.

"मी येतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"असाच."

त्याने दुसऱ्या बाजूने दार उघडलं आणि पिशवी पायाशी टाकून, पाटी मांडीवर घेऊन बसला. वायर तशीच लोंबत राहिली. आता हा माणूस दुसऱ्याच्या शेजारी कधी बसत नसे, बसला तर त्याला मळमळायचं असं तोच सांगायचा. तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं, म्हणून तिने आरशाशी उगाच चाळा केला.

निघाले. ऊन कलतं होतं, झाडांखालून जाताना गाडीत उजेडाचे ठिपके यायचे आणि मांडीवरून सरकत जायचे. छोट्याच्या डोळ्यांवर झापड येत होती, मान पाटीवर झुकत होती. तिला त्याच्याकडे बघून वाटलं, हा दोन वर्षांचा असताना असाच झुकायचा, सायकलच्या पुढच्या दांडीवर. शहर कसं स्वच्छ धुतल्यासारखं दिसत होतं. सगळे ओळखीचे कोपरे आज जरा लांबून दिसत होते, झोपेतून उठल्यावर खोली दिसते तसे. ती मनातल्या मनात एकेकाला सांगत गेली, बरं आहे, येते.

चौकात सिग्नल लाल झाला. तिने पाय टेकवला. गाडी मंदावत, मंदावत आली आणि थांबता थांबता पायाखाली थरथरलं. गुरगुर झाली. गाडी हातभर सरकली.

तिने भावाकडे बघितलं नाही. बघायची लाज वाटली.

छोट्या ताठ बसला होता. झापड कुठल्या कुठे गेली होती. त्याने बॉनेटकडे बघितलं, मग पाटीकडे, मग तिच्या पायाकडे.

"परत कर," तो म्हणाला.

"काय परत?"

"आता जे केलंस तेच. अशीच थांबव. माझ्यासारखी नको, तुझ्यासारखी."

तिला वाटलं थट्टा करतोय. पण त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. सिग्नल सुटल्यावर ती पुढच्या शांत गल्लीत वळली आणि तिने पुन्हा गाडी चालवली, पुन्हा अलगद थांबवली. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदाही झालं. तो पाटीवरून नजर काढत नव्हता. पाटीवर चार आकडे होते, चार चाकांचे चार वेग, आणि गाडी मंदावली की चौघे एका रांगेत खाली उतरायचे. तो ओठांतल्या ओठांत ते म्हणत होता, नऊ, आठ, सात, सहा. आणि सहावर आले की पुढच्या उजव्या चाकाचा आकडा एकदम शून्य व्हायचा. बाकीचे तिघे अजून चालतच असायचे.

"बाजूला घे," तो म्हणाला. "आधी गाडी बाजूला घे."

काय होत होतं ते त्याने तिला जॅक लावता लावता, तोंडात बोल्ट धरून, अर्धवट वाक्यांत सांगितलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो. तो चाकाचा वेग मोजून गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो. एक चाक थांबलंय आणि बाकीची फिरतायत असं दिसलं की कॉम्प्युटरला वाटतं, हे चाक अडकून घसरतंय, आणि तो त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडून देतो. निसरड्या रस्त्यावर माणूस वाचतो तो यामुळेच. पण इथे चाक घसरत नव्हतं, बिचारं नीट फिरत होतं. सेन्सरच खोटी बातमी देत होता, तीही फक्त अगदी हळू वेगात. कॉम्प्युटर तरी काय करणार, ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवून ब्रेक सोडत होता. आणि बातमी नेणाऱ्या तारेत काही बिघाड नव्हता, म्हणून दिवा लागत नव्हता.

चाक निघालं. डिस्क निघाली. एका लहानशा बोल्टवर बसलेला सेन्सर त्याने हलवून हलवून सोडवला आणि त्याच्या बुडाखाली बोट घातलं. बोटाला गंज लागला. नर्सरीच्या ओल्या वाटांनी वर्षानुवर्षं चढवलेला, पापुद्र्यावर पापुद्रा, आणि त्या थरांनी सेन्सर आपल्या जागेवरून नखभर वर उचलला गेला होता. जोरात फिरणारं चाक त्याला तेवढ्या अंतरावरूनही कळायचं. हळू फिरणारं कळत नव्हतं.

"म्हणजे घोडं इथे पेंड खात होतं," तो म्हणाला आणि तिथेच फुटपाथवर बसला.

थोड्या वेळाने तो स्वतःशीच बोलावं तसं बोलू लागला. मी ब्रेक दाबतो तेव्हा गाडी सहावरून शून्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत येते. त्या सेन्सरला खोटं बोलायला सवडच मिळत नाही. हा बिघाड दिसणार तो तुझ्याच पायाला. मी शंभर वेळा दाबला असता तरी मला सापडला नसता, आणि मी तुला चालवूच दिली नाही. हे तो दोन-तीनदा म्हणाला. नंतर उठला, गंज खरवडून काढला, पॉलिश पेपरने जागा लख्ख केली, सेन्सर बसवला. डाव्या चाकालाही तेच केलं, तिथेही थर चढू लागलाच होता.

ती एवढा वेळ हौद्याला टेकून उभी होती. फर्नची पानं तिच्या मानेला लागत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण आतलं सगळं अजून त्या हिरव्या पाण्यात होतं. भाऊ काय म्हणतोय ते ऐकू येत होतं, खरं वाटत नव्हतं. आईच्या डॉक्टरांनीही सुरुवातीला काही नाही असंच सांगितलं होतं.

हात पुसून छोट्या सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे निघाला. दोन पावलं जाऊन थबकला. मग मागे आला आणि त्याने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"तू थांब इथे," ती म्हणाली. "मला एकटीला जाऊ दे."

गल्लीच्या पुढे रस्ता उताराला लागतो आणि तळाशी सपाट होतो. ती निघाली. उतारावर मध्येच तिने पाय टेकवला. नऊ, आठ, सात, सहा, हे आता तिला पाटीशिवाय कळत होतं. पाच. चार. पायाखाली काही हललं नाही. गाडी थांबली, इतकी अलगद की फर्नचं एकही पान जागचं हललं नाही. तिने पुन्हा सोडली, पुन्हा थांबवली. पुन्हा. तळाशी पोचली तेव्हा तिने उजव्या पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. पेडलच्या रबरावरच्या रेघा तळव्याला लागल्या. एकेक रेघ वेगळी लागली. टाचेखाली चटईतला एक खडा होता, तोही बोचला. बाहेर उजेड सोनेरी होऊन थांबला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि ती पेडलवर पाय ठेवून तशीच बसून राहिली.

वरून छोट्याला मागचे लाल दिवे लागलेले दिसले, आणि ते काही केल्या विझेनात. एवढं पोट सांभाळत तो उतारावरून धावत सुटला. खिडकीपाशी पोचून त्याने चौकट धरली.

"काय झालं? परत सुटला?"

तिने हँडब्रेक ओढला. मान हलवली.

"नाही सुटला." मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं, मला आईचं झालंय."

त्याने आत बघितलं. तिचा अनवाणी पाय, बाजूला पडलेली चप्पल, तिचा चेहरा. त्याला सगळं एकदम कळत गेलं, कंटाळा आला म्हणाली तेही, गाडीला गिऱ्हाईक बघ म्हणाली तेही.

"मला बोलायचंस तरी, ताई."

"तू म्हणालास गाडीत काही नाही," ती म्हणाली. "मग उरलं कोण, छोट्या? मीच उरले ना."

त्याने दार उघडलं. रस्त्यावरच उकिडवा बसला, डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्याने खांद्याला पुसलं, आणि तेलाने माखलेल्या एका बोटाने तिच्या तळव्याला गुदगुली केली. तिने पाय असा झटकला की तो त्याच्या हनुवटीवर बसला आणि छोट्या मागच्या मागे रस्त्यावर आदळला.

"कळलं?" तो हनुवटी चोळत म्हणाला.

"कळलं," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.